एका माणसाची बट्टी

चि. दिपमाला हिला धरणगावहून धुरपदा आजीचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा त्याच्या मनाने चालतो. तुझी तब्येत कशी ते कळव. जळगावला होस्टेलच्या पोळ्या खाऊन वाळली असशील, ते न कळवताही कळतं.

पत्रास कारण, दिवाळीत तू माझ्या फोनमध्ये पायलीचे किलो करणारा प्रोग्रॅम घालून गेलीस. (पहिलाच केलेला म्हणून मी तोंडभर कौतुक केलं होतं. ते परत घेते.) रविवारी मला वरण-बट्टी खावीशी वाटली. माझा हात अजून भरल्या घराचा. एकटीपुरतं पीठ घ्यायला गेलं की चुकतो. म्हटलं, नात शिकतेय, तिच्या यंत्राला विचारू. उघडलं, तर नुसतं ‘किती?’ काय किती, कशाचं किती, पत्ता नाही. असं तर गिरणीवालाही विचारत नाही. घरात माणूस एक, म्हणून मी एक दाबला. उत्तर आलं, चार. चार काय? वाट्या, बट्ट्या, की जावई? पुन्हा विचारायला जावं तर बंद! अगदी तुझ्या बापासारखा. हितेंद्रही सुरतेहून फोन करतो, ‘बरी आहेस ना’ म्हणतो आणि मी तोंड उघडेपर्यंत ठेवून देतो.

मी किलो धरले. गिरणीतून चार किलो जाडं पीठ आणलं आणि सगळं मळलं. परातीत मावेना, घंगाळ काढलं. शेजारची झुंबरबाई डोकावली. “अक्का, घरमा लगीन शे का वं?” म्हटलं, “नातनी सांगेल शे.” ती म्हणाली, “मंग बठ्ठास्ले बलाव ना! एकली कितलं खाशी?”

झालं, सगळ्यांना बोलावलं आणि गल्ली लोटली. मदिनाने वांगी आणली. पितांबर नाना ‘बट्टी कच्ची आहे’ म्हणत म्हणत सगळ्यांत जास्त खाऊन गेले (तुपाचं भांडं त्यांनी स्वतःकडे ओढून ठेवलं होतं). ओसरीवर चपला ठेवायला जागा नव्हती. भांडी घासायला मात्र एक थांबली नाही. मग मी, घंगाळ आणि टीव्ही.

तर आता सुधारणा कर. काय किती ते नीट मराठीत विचारावं. उत्तरापुढे किलो लिहावं. ‘अर्धा’ लिहिलं तर इंग्रजीत अंगावर येऊ नये. आणि उत्तर देऊन तोंड मिटू नये, ‘अजून काही?’ विचारावं. जमलं तर तेवढं तुझ्या बापातही घाल.

अभ्यास कर, केसांना तेल लाव.

तुझी आजी

ता. क. सुधारलेला प्रोग्रॅम फोनवरून पाठवू नको. मला तो बसवता येत नाही, आणि झुंबरबाईचा नातू बसवून देईल हे तिने सांगितलं तरी खरं मानू नको. जळगावहून एसटी तासाभराची आहे.

आणखी ता. क. बाकी सगळं सुधार, पण पहिला प्रश्न आहे तसा राहू दे. एका माणसाला चार किलो पीठ लागत नाही, हे कळायला दुसरीपर्यंतची शाळा पुरते. येत्या रविवारी गल्लीला पुन्हा बोलवायचंय. चूक तुझी असली म्हणजे मला कारण सांगावं लागत नाही.