बिबड्यांच्या रांगेत वाळलेली काच

तीर्थरूप नानांस,

अमळनेरहून नूतनचा वाकून नमस्कार (बसले खुर्चीतच आहे, पण मनाने पूर्ण वाकून). गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तुम्ही आधी जिनाच चढला असाल. फोन केला असता, पण मी फोन लावला की आईला नेमकं माझ्याच शेजारी बसून धान्य निवडायचं असतं.

माझं संशोधन तुम्हाला ठाऊकच आहे (नसलं तरी मान हलवा, बाबाही तेच करतात). काचेवर द्रव स्फटिकाचा डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर द्यायचा आणि अतिनील प्रकाशाने तो घट्ट करायचा. आठ महिने झाले, थर चिकटच. दिसत नाही आणि वाळत नाही, मग तू करतेस तरी काय, असं बाबा विचारतात.

परवा सुट्टी म्हणून शेवटच्या चार काचा काळ्या कागदात गुंडाळून घरी आणल्या. भिकुबाई आत्याला सांगितलं, हा थर उजेडाने घट्ट होतो. "मंग आंधारामा कसाले ठेयेल शे?" म्हणाली, आणि मी अंघोळीला जाताच चारही काचा गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांत, बिबड्यांच्या रांगेत मांडून मोकळी झाली. एकीवर चिमणी बसेल म्हणून माझ्याच पेटीतली कोरी काच झाकली. संध्याकाळी बघते तर उघड्या तिन्ही चिकट, झाकलेली मात्र टणक! हवेनेच घात होत होता, नाना. आठ महिने मी दिवे बदलत बसले, आत्याने झाकण घातलं. मला आनंदाने रडूच आलं. माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला, तर कोणतं उपकरण वापरलंत, असं त्यांनी विचारलं. गच्ची, म्हटलं. 'नैसर्गिक प्रकाशस्रोत' असं लिहा, म्हणाले.

आजीला नमस्कार.

तुमची,
नूतन

ता. क. आखाजीच्या सणापर्यंत काही निष्पन्न झालं नाही तर शिक्षण पुरे, धुळ्याचं स्थळ बघू, असा बाबांचा हुकूम आहे. सोमवारी सर घरी येऊन बाबांसमोर ती काच तपासणार आहेत. थरासाठी नवा माल यायला दोन महिने लागतील.

ता. क. २. फोन करून गच्चीवर परतले तोवर आत्याने (चष्मा दुरुस्तीला दिलाय) बिबड्या, काचा सगळं आवरून डब्यांत भरलं होतं. घरातले डबे उपसून झाले, ती टणक काच त्यांत नाही. उरलेला एक काल पिंपळनेरला तुमच्याकडे आला. हे पत्र तिकडे निघालेले धनसिंगभाऊ देतील. डबा न उघडता तुम्ही स्वतःच घेऊन या. बाबा तुमचाच शब्द मानतात.

ता. क. ३. उघडला असेल आणि एखादी बिबडी तेलात फुललीच नसेल, तर आजीला बोल लावू नका. धुळ्याच्या मुलाचा स्वभाव कसा आहे, तेवढं विचारून ठेवा.