न खाल्लेली वडी आणि कोकमावरचा कर

तीर्थरूप कुशाबामामांना लालबागहून रमाकांतचा नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घालता ना? मामींच्या गुडघ्याला आराम पडला असावा. इकडे ठीक आहे, म्हणजे आई गेल्यावर घर जसं असायचं तसं आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून गिरगावला पत्र पाठवतो आहे.

आईच्या तेराव्याला तुमचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे दुखवटा काढायचा राहिला. यात कोणाचाच दोष नाही. पण आपल्यात तो मामानेच काढायचा आणि मामाच्या हातचा घास पोटात जाईपर्यंत भाच्याने गोडाला शिवायचं नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. याला दोन महिने झाले. तुम्ही माझ्या सवडीची वाट बघता, मी तुमच्या. मामी कोणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं, ‘तेका येळ खंय? तो देशाचो करार करता!’ ते खरं आहे.

आमच्या खात्याची एका मित्रदेशाशी मुक्त व्यापाराची बोलणी वरळीच्या एका हॉटेलात चालू आहेत. (देशाचं नाव लिहीत नाही, नियम आहे. मित्रदेश म्हणजे ज्याच्याशी हसून भांडावं लागतं तो.) मसाले आणि कोकम यांची माहिती पुरवायला मला टेबलाच्या टोकाला बसवलं आहे. त्यांची एक रीत आहे. कलम ठरलं की त्यांच्या घरून आणलेली खजुराची वडी फिरवतात आणि दोन्हीकडच्या सगळ्यांनी ती खाल्ली की कलम पक्कं. कोकमाच्या दिवशी ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी हात जोडून ते पुढे सरकवलं. कारण सांगितलं नाही. (परक्या माणसांपुढे आईचं काय काढायचं?) त्यांचे प्रमुख माझ्याकडे बघत राहिले, बाहेर जाऊन आपसात बोलले आणि परत येऊन कोकमावरचा कर निम्मा केला. पुन्हा ताट आलं, पुन्हा मी हात जोडले. त्यांनी उरलेलाही कर काढला. शेवटी बिचाऱ्यांनी माझ्या वाटणीची वडी आमच्या बाजूच्या प्रमुख प्रिसिला मॅडमना खायला घातली आणि कलम मिटवलं.

मॅडमनी मला बाजूला घेतलं, तेव्हा त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “परब, मदरचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण हे अजून किती दिवस चालेल?” मी म्हटलं, मामा येईपर्यंत. “मग मामांना घाई करू नका हं!” तेव्हापासून अशीच हळद करातून सुटली, मिरची सुटली. मी काहीच करत नाही, नुसता बसून असतो, तरी संध्याकाळी फार दमायला होतं. परवा तर त्यांच्याकडच्याही एका गृहस्थांनी ताट सरकवलं. मॅडम घाबरल्या आणि आपणच लावून धरलेली एक अट त्यांनी मागे घेतली. (गृहस्थांना मधुमेह आहे, हे मागून कळलं.)

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

आपला,
रमाकांत

ता. क. – गुरुवारी सह्या आहेत. त्या दिवशी एकाची वडी दुसऱ्याने खाल्लेली चालत नाही. तेव्हा मॅडमचा निरोप असा, की मामांनी बुधवारी बोलणी आटोपल्यावरच यावं, आधी येऊ नये, कारण बुधवारी दुधाच्या भुकटीचं कलम आहे आणि तिथे माझी गरज आहे. निरोप पोचवला.

आणखी एक – दुखवटा काढायला या, असं आपण होऊन म्हणायचं नसतं, पण म्हणतो. तुम्ही मंगळवारीच या. भुकटीचं काय व्हायचं ते होवो. मामींना सांगा, शिरा थोडाच करा. खाणारा मी एकटाच आहे.