सध्याचा पत्ता

४ फेब्रुवारी २०१९, साकोली

प्राचार्यांनी टेबलावर यादी आपटली. आमचीच, २०१३ ची बी.ए.ची बॅच! "अडतीस जण. आता कुठं राहतात, काय करतात, सगळं पाहिजे. कॉलेज तपासायले कमिटी येऊन राहिली." सहा वर्षं कोणी विचारलं नाही, आता पुळका आला! फोन कोण करणार? कंत्राटी क्लार्क सरिता, म्हणजे मी. यादीत तेविसावं नाव माझंच.

संध्याकाळी विनोदचा फोन. तोही आमच्याच बॅचचा, पुण्याले असतो. त्याच्या कंपनीत माझ्यासाठी जागा पाहिली त्यानं. "सतरा तारखेपर्यंत सांग. किती दिवस साकोलीत सडशील?" सख्खा भाऊ नाही करणार इतकं केलं पोरानं! होच म्हणणार आहे. आईले सांगितलं तर ती फोनवरच रडली आनंदानं.

७ फेब्रुवारी

एकोणतीस झाले. पुणे अकरा, नागपूर सात, एक तर थेट सुरतले. सगळे किती खुश झाले! खुशबूनं हैदराबादहून अर्धा तास सोडलं नाही — "कँटीनच्या पोह्यावर तर्री देतात का अजून?" हसून हसून पोट दुखलं.

एक गंमत. गेलेले म्हणतात, "सध्या पुण्याले." राहिलेले हळूच म्हणतात, "सध्या गावीच हाओ." सहा वर्षं झाली, अजून सध्या! अन् मी काय वेगळी? साकोलीच्या या भाड्याच्या खोलीत अजून पलंग घेतला नाही. कायले घ्याचा, जायचंच आहे म्हणून.

९ फेब्रुवारी

माझी ओळ सोडली तर फक्त वीरेंद्र राहिला. बॅचचा पहिला नंबर. फोन बंद. मी तापानं पडली होती तेव्हा सगळ्या नोट्स यानंच उतरवून दिल्या होत्या. त्याची ओळ रिकामी नाही ठेवणार.

१० फेब्रुवारी, रविवार

आंबागडले गेली. वीरेंद्रची आई, कुंताबाई, अंगणात तूर पाखडत होती. "तो ना? मुंबईले हाये. मोठ्या हापिसात. तसंच लिवजो, बाई." अन् तेवढ्यात मागच्या दारातून वीरेंद्र हजर — गुडघ्यापर्यंत चिखल! कुंताबाई म्हणे, "आत्ताच आला वाटते." हद्द आहे!

एक वर्ष मुंबई पाहून परत आला तो. धानाचं बियाणं तयार करतो, पाच गावचे लोक त्याच्याकडून नेतात. "आईले लाज वाटते, मले नाही. आंबागडच लिव. सध्या-बिध्या लावू नको." पोटभर वडे-भात खाऊ घातला दोघांनी. निघताना कुंताबाईनं हात धरला — "मुंबईच लिवजो!" एसटीत एकटीच हसत होती मी.

१३ फेब्रुवारी

विनोदले नाही म्हटलं. रागावला खूप. मग म्हणे, "पुण्याले आली त जेवाले ये." देव माणूस!

खरं सांगू? मले हे काम आवडते. फर्स्ट इयरच्या पोरी फॉर्म घेऊन येतात, दारातच अडखळतात. मी बसवते, पाणी देते. मीही अशीच दारात अडखळली होती, तेव्हा जुन्या क्लार्क उषाबाईंनी बसवलं होतं. त्यांनी हाकललं असतं तर मी त्याच दिवशी गावी, सिहोऱ्याले परत गेली असती.

आज पलंग घेतला!

माझी ओळ मात्र आईले सांगितल्यावरच भरीन. भीती वाटते.

१७ फेब्रुवारी, सिहोरा

घरी पोचली तर शेजारच्या निर्मलाबाई म्हणतात, "पुण्याहून कवा आली वं?" मी बावचळली. आई मान खाली घालून उभी. तीन वर्षांपासून गावभर सांगून राहिली — पोरगी पुण्याले आहे! म्हणून रडली होती त्या दिवशी. खोटं एकदाचं खरं होणार होतं. अन् मी कुंताबाईले हसली!

तरी सांगितलं, यादीपासून सगळं. पुण्याले जात नाही, साकोलीतच राहीन. "चिखलात वाकून धानाचे इतके रोवणे केले मी, कंबर मोडली. इथंच राहाचं होतं त कायले शिकवलं तुले?" जेवली नाही. तिच्या त्या कमरेवरच शिकली मी. तिचा राग मी झेलणार नाही तर कोण?

१८ फेब्रुवारी

सकाळी आई स्टँडवर सोडायले आली, माझ्यापुढं दहा पावलं चालत. निर्मलाबाई तिथंच. "चालली का पुण्याले?"

आई म्हणाली, "पुण्याले कायची? साकोलीले राह्यते माही पोरगी. कालेजात हाये. पुण्याच्या पोराईचे पत्तेबी तिच्याचपाशी हायेत!"

एसटीत बसल्याबसल्या माझी तेविसावी ओळ भरली — साकोली.