सात नंबरच्या मशीनची खंडेनवमी

मी, उल्हास वामन खटावकर, वय ६२, पूर्वी टर्नर व हल्ली सरकारी खर्चाने झालेला बेकर, राहणार डब्लिन, ओहायो, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबाबत माझी पत्नी शुभा हिचं मत वेगळं आहे, पण कायदा डॉक्टरचं मत विचारतो.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक शुभाला. ओव्हनही तिलाच, कारण तो मुळात तिचाच होता. काम परदेशी गेल्यामुळे घरी बसलेल्या कामगारांना इथलं सरकार नवं काही शिकवतं. सल्लागार बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही इंडियन, कॉम्प्युटर घ्या." मी बेकरी घेतली. पाव मायक्रोमीटरने मोजायचा नसतो, हे तिथल्या शिक्षकांना मला दोनदा सांगावं लागलं. माझे कच्चे पाव शुभाने सहा महिने निमूट खाल्ले, असं लिहिणार होतो. 'निमूट' तिला मान्य नाही.

२. गॅरेजमधलं छोटं लेथ मशीन मुलगा अनीश यास. तो फ्रिस्कोला सॉफ्टवेअरमध्ये आहे. "बाबा, इट्स सो हेवी यार, मी ठेवू कुठे?" असं तो म्हणाला आहे, तरीही. सरकारी मदतीत वस्तू बनवणारेच बसतात. त्याचं काम उद्या पुण्याला गेलं तर त्याला फुटकी कवडी मिळायची नाही. निदान हाताला लागेल असं काही बनवायला त्याने शिकावं.

३. माझी हत्यारांची पेटी, मायक्रोमीटर, व्हर्नियर व सर्व गेजेससह, चाकणच्या चारुदत्त देवकुळे यास. हे कलम लांब आहे, कारण यात माझी चूक आहे.

२००४ सालच्या एप्रिलमध्ये कंपनीने चारुदत्तला, तिशीच्या एका इंजिनिअरला, सहा आठवडे माझ्याकडे पाठवलं. "नुसतं बघायला आलाय," असं मॅनेजर म्हणाले. आपला माणूस मोटेलात सँडविच खाऊन राहतो हे मला बघवेना. शुभा त्याला रोज थालीपीठ करून घालायची. माझ्या सात नंबरच्या मशीनच्या साऱ्या खोडी मी त्याला मराठीत वहीत उतरवून दिल्या: सकाळी गार असताना कशी वागते, कधी रुसते, कुठे थापटायचं, भोवती पसारा कसा अजिबात चालत नाही. इंग्रजीत त्याला सहा महिने लागले असते. जूनमध्ये सात नंबर चाकणला गेली आणि आम्ही बासष्ट जण घरी. शेजारच्या मशीनवरचा माझा वीस वर्षांपासूनचा सोबती बर्नी कोवाल्स्की एवढंच म्हणाला, "आणि तू त्याला जेवायलाही घातलंस?"

मदतीसाठी आम्ही अर्ज केला. कंपनीने कळवलं की मागणी घटली म्हणून कारखाना बंद केला. अर्ज फेटाळला गेला. बासष्ट घरांचा भत्ता आणि शिक्षण अडलं. माल परदेशात बनून इथेच परत येतो याचा पुरावा हवा होता, आणि तो आमच्याकडे नव्हता.

नोव्हेंबरात चारुदत्तचं पाकीट आलं. दर खंडेनवमीला मी सात नंबरला हळदकुंकू वाहायचो. ते त्याने तिकडे चालू ठेवलं होतं. "काका, तुमची लेक सासरी सुखात आहे," असं पत्र, आणि सोबत झेंडूच्या हारातल्या मशीनचा फोटो. मी तो मोठ्या कौतुकाने बर्नीला दाखवला. बर्नी फुलांकडे बघेना. "उल्हास, मागच्या खोक्यांवर काय लिहिलंय?" खोक्यांवर इथल्याच टोलीडोच्या, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता होता.

मी फोटो सरकारला पाठवला. चारुदत्तला विचारलं नाही, कारण तो नको म्हणाला असता. अर्ज मंजूर झाला. एकशेवीस किलोचा बर्नी नर्सिंगचं शिकला, आणि आता वृद्धाश्रमातल्या सगळ्या आज्यांना तोच हवा असतो. चारुदत्तची मात्र त्या फोटोपायी बढती हुकली आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. त्याने मला कधी जाब विचारला नाही. दर दिवाळीला फोन करतो, "काका, तब्येत कशी आहे?" मला लाज वाटते. फोनवर माफी मागायची हिंमत झाली नाही, म्हणून वकिलाची फी भरून इथे मागतो आहे.

४. कंपनीने निरोपाला दिलेला कॉफीचा मग मॅनेजरसाहेबांना परत द्यावा. तोही परदेशातच बनलेला आहे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकील म्हणतात. बर्नी, तुलाच साक्षीदार का केलं ते आता कळलं असेल.

पुरवणी. सही करण्याआधी हे सगळं शुभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर कसली माफी मागता? आत्ता फोन करा." केला. सगळं सांगितलं. चारुदत्त म्हणाला, "काका, मशीनभोवती पसारा चालत नाही, हे तुमच्या वहीत पहिल्याच पानावर आहे ना? मग खोकी तिथे आपोआप आली का?"

शुभाने फोन घेतला आणि त्याला विचारलं, "जेवलास का?"

सबब कलम ३ बदलत आहे. पेटी माझ्या मरणाची वाट न बघता सोमवारी चाकणला रवाना होईल. वजन तेहतीस किलो आहे. कुरिअरचा खर्च अनीश देईल.

सही: उल्हास वामन खटावकर

आमच्यादेखत सही झाली:
१. बर्नी कोवाल्स्की (मला मग तरी चालला असता.)
२. रेखा धामणकर, शेजारीण

डब्लिन, ओहायो
खंडेनवमी, २० ऑक्टोबर २००७