भट्टीच्या खोलीचं दार

प्रिय ठिणगे,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. अजून तरी नाही. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोन तू दुसऱ्या मिनिटाला ठेवतेस आणि मी पहिल्याच मिनिटाला भांडते. त्यात आपला फोन कारखान्याच्या भिंतीला टांगलेला, आणि तुझ्या बापाचे कान भिंतीच्या दोन्ही बाजूंना. म्हणून लिहिते. चौथीत शाळा सुटल्यापासून खोक्यांवरचे पत्ते सोडून मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. आणि उभ्याने वाचू नकोस, खाली बस.

कारखाना चालू आहे. लेथवर अजून मीच बसते. मान धरते, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण झांजेवर रेघा काढताना अजून माझा हात कोणी धरू शकत नाही. घणावर तोच माणूस आहे, ज्याला तू लहानपणी डोंगर म्हणायचीस आणि आता सगळेच म्हणतात. तू गेलीस तेव्हा तयार माल मुरत ठेवायच्या फळीवर दोनशे झांजा होत्या, आज चाळीस आहेत. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून नाही. माल उतरत नाही. दीड महिन्यापूर्वी डोंगराने लाल चकती पाण्यात बुडवून ऐरणीवर घेतली आणि तिसऱ्या घावाला तिचे चार तुकडे झाले. दुसरी घेतली, तिचेही. एक तुकडा त्याचा गाल चाटून गेला. रक्त पुसत म्हणतो, ‘ताई, हे कासं आहे की कपबशी?’ मी हसले. हसू तोंडावरच राहिलं, कारण चकत्या का फुटल्या ते मला माहीत होतं. आणि मला ते माहीत असायला नको होतं.

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला पाहिजे, कारण तुला घरात कोणी धड काही सांगितलंच नाही. तुझे खापरपणजोबा बैलगाडीच्या घंटा ओतायचे. एका वाजवणाऱ्याने त्यांना फुटकी झांज जोडायला दिली. ती जोडता येत नाही हे कळायला त्यांना वर्ष लागलं, आणि त्या वर्षात ते नवीन करायला शिकले. पहिल्यांदा शिकले ते पाण्याचं. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, आपलं कासं बुडवलं की नरम पडतं, तेव्हाच त्याला ठोकता येतं. हे उलटं कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून बाकीच्यांच्या झांजा फुटायच्या आणि आपल्या वाजायच्या. मग त्यांच्या सख्ख्या भावाने पाण्याची युक्ती गावभर केली. तेव्हापासून त्यांनी मिश्रण ठरवलं, भट्टीची खोली बांधली आणि तिला आतून कडी लावली. मिश्रण एका पिढीत एकालाच ठाऊक. तो एकटा आत जाणार, कडी घालणार, धातूचा रस ओतून झाला की आतून दारावर तीन ठोके देणार. ठोके पडल्याशिवाय दाराला कोणी हात लावायचा नाही. मी सहा वर्षांची असताना चेंडू काढायला त्या दाराला टेकले तर बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, अशी थोबाडीत दिली की आठवडाभर त्या कानात गुणगुण होती. मिश्रण बाबांकडून दादाला, म्हणजे तुझ्या बापाला मिळालं. दादाकडून तुला मिळालं असतं, पण ‘मुलीला देऊन ते सासरी पाठवू का?’ असं तो म्हणाला आणि तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. बरं केलंस. मी तुला तेव्हा असं म्हणाले नाही, आता म्हणते.

आता मुद्द्याचं. लेथची आणि भट्टीच्या खोलीची भिंत एकच आहे. मी तिथे एकतीस वर्षं बसते आहे. लेथ बंद असला की पलीकडचं सगळं ऐकू येतं. मी कान लावला नाही, ठिणगे, मला कान लावावा लागलाच नाही. तांब्याची कांब मुशीत टाकली की ठप्प वाजते. कथलाची कांब वाकवली की किंचाळते. खोटं वाटेल, पण घे कधी हातात, वाकवून बघ, बारीक आवाजात किर्र करते, उंदराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी. मुशीत मावावी म्हणून ती वाकवावीच लागते. बाहेरच्याला कळू नये म्हणून दादा शिसं, जस्त, काय काय पोत्यांनी आत नेतो आणि ते कोपऱ्यात सडत पडतं. मला ते शिसं कधी ऐकू आलं नाही. सगळ्या कांबी एका वजनाच्या. मला पाढे येत नाहीत, पण मोजता येतं.

दीड महिन्यापूर्वीच्या त्या दिवशी कथील किंचाळलं, जितक्यांदा किंचाळायला हवं तितक्यांदा. मग तो बसला असावा, खुर्ची सरकली. थोड्या वेळाने उठला आणि कथील पुन्हा किंचाळलं. पुन्हा तितक्यांदाच. मी लेथवर हात ठेवून बसून राहिले. ओरडायला पाहिजे होतं, ‘दादा, घातलंस तू, एकदा घातलंस!’ पण ओरडले असते तर त्याला कळलं असतं की मला कळतं. माझं तोंड, जे तुला माहितीये कधी मिटत नाही, ते मिटलं. चकत्या ओतल्या गेल्या आणि डोंगराचा गाल फाटला.

दादा विसरतो आहे. म्हातारपणाचं विसरणं नव्हे, त्याला बासष्ट म्हणजे काही म्हातारपण नाही. चहात साखर घालतो, ढवळतो, पुन्हा घालतो, आणि मी बोलले की म्हणतो ‘गोड खायचं वय आहे माझं.’ परवा नळाच्या दुकानातून घरी येताना पुलापलीकडे सापडला, हातात नळ आणि पायात एकच चप्पल. हसला. ‘पाय मोकळे करत होतो’ म्हणाला. एक पाय तर मोकळाच होता. डॉक्टरकडे चल म्हटलं तर हातोडी फेकली, नेम चुकला, मग स्वतःच उचलून जागेवर ठेवली आणि मला विचारलं की ही इथे कोणी टाकली. तुझी आई असती तर कान धरून नेलं असतं. माझं तो ऐकत नाही. मी म्हटलं, भट्टीला आता एकट्याने जाऊ नकोस. तर म्हणतो, ‘तुला आतलं काय कळतं?’

मागच्या भट्टीला त्याने फुटक्या चकत्यांचे तुकडे पाण्याच्या पिंपातून काढून आत नेले. नेताना मी बघितलं, ओले होते, फरशीवर थेंबांची रांग पडली होती. म्हटलं आत वाळवेल, इतकं तर हाताला आठवत असेल. पाण्याचा थेंब रसात पडला तर काय होतं ते तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. तसंच झालं, रस उसळून फुटला. भिंत हादरली, लेथवरचा चष्मा खाली पडला. आणि मग काहीच नाही. ना ठप्प, ना पाऊल, ना खोकला. डोंगर आणि मी दारासमोर. डोंगर म्हणाला ‘ताई, तोडू?’ आणि मी, ठिणगे, मी त्याचा हात धरला. म्हटलं थांब, ठोके पडू देत. माझ्याच तोंडून आलं ते. किती वेळ गेला माहीत नाही. मग तीन ठोके पडले. दार उघडून बाहेर आला तर भुवया जळलेल्या, शर्टाला भोकं, आणि म्हणतो ‘भट्टी शिंकली.’ डोंगर हसला, मी घरात जाऊन ओकले.

का ते सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुझे आजोबा भट्टीच्या खोलीत वारले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला सांगितलं की हृदय थांबलं, जागच्या जागी गेले, कळलंही नसेल. ते खोटं आहे. धुराडं तुंबलं होतं आणि खोलीत धूर कोंडला. बाबा पडले. पडल्याचा आवाज मी ऐकला, दादानेही ऐकला. दादा धावत आला, माझ्याकडे बघून विचारलं, ‘काय वाजलं?’ घरात कान माझा, म्हणून मला विचारलं. तेवढ्यात दाराला खालच्या बाजूने काहीतरी घासलं. अगदी खाली, फळीच्या तळाशी. कडी खांद्याच्या उंचीवर, ठोके द्यायची जागाही तिथेच, आणि हे घासणं वीतभर उंचीवर. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा. लोखंड लाकडाला घासलं की कसं वाजतं आणि नख घासलं की कसं, यातला फरक मला कळणार नाही का? मला कळला. आणि मी म्हणाले, ‘चिमटा पडला असेल.’ मी पस्तीस वर्षांची घोडी, आणि मला ती थोबाडीत आठवली. दादा म्हणाला, ‘मग थांबू, ठोके पडतील.’ आम्ही दुपारपर्यंत थांबलो. दार तोडलं तेव्हा ते दाराला लागूनच होते. डॉक्टर म्हणाले, लगेच उघडलं असतं तर वाचले असते. दादाने माझ्याकडे बघितलं नाही. आजवर एकदाही विचारलं नाही की खरंच चिमटा होता का. त्याला काय वाटतं मला ठाऊक नाही. दुसऱ्या महिन्यात नवीन दार बसलं. कडी तीच, त्याच उंचीवर.

पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी भट्टी आहे. तांबं येऊन पडलंय. दादा रोज विचारतो, भट्टी आजच ना? मी म्हणते नाही, अजून आहे. तो आत काय करेल याची भीती आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. आत आवाज होईल, मग होणार नाही, आणि मी पुन्हा दारासमोर उभी राहून म्हणेन, थांबा. मागच्या वेळी म्हणालेच की. एवढं होऊनही म्हणाले. डोंगराला सांगून ठेवलंय की माझं ऐकू नकोस, सरळ तोड. तो म्हणतो, ‘बरं ताई.’ पण माझा आवाज चढला की तो थांबतो, बावीस वर्षांची सवय आहे त्याला. कडी काढून टाकायचाही विचार केला. तो नवीन लावेल. ते नाही विसरणार. त्याच्या बापाने त्याच्या हातात दिलेली गोष्ट आहे ती, ती शेवटी जाईल.

म्हणून हे पत्र, आणि आता नीट वाच. तांब्याच्या सोळा कांबी, कथलाच्या चार. तांब्याचा पुरता रस झाल्यावरच कथील घालायचं, एकेक, आधी भट्टीच्या काठावर शेकून. मग झाडाच्या ताज्या, हिरव्या काठीने ढवळायचं. आधी चुरचुर होते, बुडबुडे येतात, ते थांबले की ओतायचं. बस, इतकंच आहे. एवढ्यासाठी चार पिढ्या कडी घातली. तुला हसू येईल, मला तर रडूही आलं नाही. आता हे माझ्याजवळ आहे, तुझ्याजवळ आहे आणि टपालवाल्याने पाकीट फोडलं तर त्याच्याजवळही आहे. एकाच माणसाला माहीत असलेलं आता काही उरलेलं नाही, तेव्हा ते दार लावायला कारणही उरलेलं नाही. पत्र मिळालं की कारखान्यावर फोन कर आणि ‘पोचलं’ एवढंच म्हण, पुढे बोलू नकोस. ते ऐकलं की मी दादापुढे उभी राहीन आणि सगळं सांगेन, चिमट्याचंही. मला घराबाहेर काढेल, काढू दे. माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही, तो तुला फोन करेल. तू गेल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच करेल, ओरडून करेल, कदाचित मध्येच विसरून विचारेल की कोण बोलतंय. फोन ठेवू नकोस, ठिणगे. मुलगी म्हण. त्याने मिश्रण विचारलं की सोळा आणि चार म्हण. तो गप्प होईल, खूप वेळ होईल. तू बोलत राहा, काहीही बोल, तुझ्या खोलीचं भाडं सांग, काय जेवलीस सांग. आणि मग त्याला म्हण की मंगळवारी दार उघडं ठेव, आत्या आत येऊन बसणार आहे.

तुझीच,
आत्या