टॉवेलाखालचा आकडा

दौंड, ४ जानेवारी २०२५

ती. मामींस प्रांजलचा सा. न. वि. वि.

फोनवर सगळी आळी ऐकते, म्हणून पत्र. आमच्या कॅन्सर वॉर्डात नवी गाइडलाइन आलीय. आम्ही नर्सनी प्रत्येकाला विचारायचं, दुखणं शून्य ते दहात किती, आणि आकड्यावर औषध. मला पटतं हो, पण आकडा सांगतो कोण? एक आजी म्हणाल्या, देवाच्या दयेनं बरं चाललंय. आणि आपले मामा! उशी चावतात, अन् विचारलं की मिशीला पीळ देऊन शून्य म्हणतात. शून्यावर डॉक्टर मॉर्फिन देत नाहीत. मी रडकुंडीला आलेय. काहीतरी सुचवा.

माया असू द्या.
प्रांजल

कवठे येमाई, ७ जानेवारी

चि. प्रांजलला अनेक आशीर्वाद.

अगं येडे, जल्मभर बैलांची दलाली केलेला माणूस चारचौघात आकडा फोडंल व्हय? बाजारात भाव टॉवेलाखाली बोटं धरून ठरतो. तू टॉवेल टाक आन् हात घाल. पण ते पाडून सांगत्याल, तू चढवून धर. म्हस आजउद्या व्यायची हाय, न्हाईतर मीच आले असते. लई जीव टांगणीला लागलाय बघ.

तुझी मामी,
म्हाळसा

दौंड, ११ जानेवारी

ती. मामींस सा. न.

टॉवेल टाकला! मामांनी चार बोटं धरली, मी नऊ. रुसत-फुगत आठावर सौदा पटला. मामांनी हातावर टाळी दिली आणि डोळे पुसले. औषध मिळालं, दुपारी चक्क घोरले. आता अख्खा वॉर्ड टॉवेल मागतो. शेजारच्या खाटेवरचे भारतअण्णा दुसऱ्यांचे आकडे ठरवून देतात आणि दलाली म्हणून चहा घेतात. तपासणीचे साहेब आले, तर मोठ्या सिस्टरनी ठणकावलं, की गाइडलाइनच राबवतोय. साहेबांनी एवढंच लिहून घेतलं, टॉवेल स्वच्छ असावा.

तुमची,
प्रांजल

कवठे येमाई, २ फेब्रुवारी

चि. प्रांजलला आशीर्वाद.

मामा घरी आल्यापासून औषध येळेवर घेत्यात. म्हशीला रेडी झाली. काल ओट्यावर ह्यांनी माझ्याच हातावर टॉवेल टाकला आन् इचारलं, तुझं किती? उभ्या संसारात पहिल्यांदा गं! गुडघं, ह्यांची काळजी, सगळं धरून मी सात बोटं धरली. म्हणलं, आता पाडत्याल तीनावर.

न्हाई पाडलं. तसाच हात धरून बसले.

सवडीनं ये, जीव लावत जा.
तुझी मामी,
म्हाळसा