बुजवलेल्या तलावाची व्यवस्था

मी, आयव्हरी ली टॉलिव्हर, वय एकाहत्तर, धंदा बायकांचे केस सरळ करून देण्याचा, राहणार कॉफील्ड, राज्य मिसिसिपी. मी शुद्धीत आहे, कोणाच्या दबावाखाली नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मला नीट समजलं आहे. म्हणून माझ्यामागे काय कोणाकडे जावं ते लिहून ठेवते.

१. राहतं घर मुलगी जुनेटा हिला. ती डेट्रॉइटला असते, परत येणार नाही. घर खुशाल विकावं. मी राग धरणार नाही. धरायला मी नसेनच.

२. दुकानातली खुर्ची, लोखंडी फण्या आणि गिऱ्हाइकं ल्यूटी मे हिला. ती माझ्याच हाताखाली शिकली. आमचं नागरी हक्क मंडळ याच दुकानात भरायचं, कारण माझी गिऱ्हाइकं सगळी काळी होती आणि मला कामावरून काढणारा कोणी गोरा मालक नव्हता. मंडळात आता मी आणि हॅटी बेल उरलो आहोत. आमची सभा होत नाही.

३. ओक रस्त्यावरची मोकळी जमीन. तिथे नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. म्हणून माझा डेल्मर नदीत पोहायला गेला आणि बुडाला. नऊ वर्षांचा होता. त्यानंतर आम्ही तलावासाठी भांडलो, मोर्चे काढले, तुरुंगात बसलो. कित्येक वर्षांनी एका गुरुवारी कोर्टाचा निकाल आला: तलाव सगळ्यांना खुला. मी म्हटलं, आत्ताच पोरांना घेऊन जाऊ. आमचे पाद्री, रेव्हरंड गँडी, म्हणाले, "आधी देवाचे आभार मानू, आयव्हरी. पाणी कुठे पळून जातंय?"

रविवारी आमची सगळी वस्ती चर्चमध्ये दुपारपर्यंत गात होती. तेवढ्यात नगरपालिकेने तलावात मातीचे ट्रक रिकामे केले. सोमवारी पोरं टॉवेल घेऊन गेली, तेव्हा मजूर गवताचं बी टाकत होते.

पुढे ती जमीन लिलावात निघाली, ती मी घेतली. खणायची परवानगी नगरपालिकेने दिली नाही. आता तिथे आपली माणसं निवडून आली आहेत. तीही देत नाहीत. गँडींना त्या जमिनीवर चर्चला येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या करायच्या आहेत. जुनेटा फोनवर म्हणाली, "आई, डेल्मर त्या तलावात नव्हता गं." मला ते ठाऊक आहे.

ही जमीनही ल्यूटी मेलाच. मी तिला विचारलं, खणशील का. ती एका बाईचे केस विंचरत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाही हो, मिस आयव्हरी. माझी पोरं पाण्याजवळ जातच नाहीत. आम्हालाच पोहता येत नाही, त्यांना शिकवणार कोण?" बाकी ज्यांना विचारलं ते सगळे तोंडदेखलं हो म्हणाले होते. म्हणून तिला.

४. रेव्हरंड गँडी यांना काही नाही. अंत्यविधीला त्यांनी यावं. बोलू नये.

५. मला डेल्मरशेजारी पुरावं. काम अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या ऑगस्टस नीलकडे द्यावं आणि शवपेटी सगळ्यात साधी घ्यावी. तो म्हणतो, "साध्या पेटीला तुझ्यासारखी भांडखोर बाई पेलायची नाही." पेलेल. आता फारसं वजन राहिलेलं नाही.

त्या दिवशी चर्चमध्ये कोणी गाऊ नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बाहेर ट्रक आले तर ऐकू यायला हवेत.

सही: आयव्हरी ली टॉलिव्हर
साक्षीदार: हॅटी बेल क्रम्पटन, ऑगस्टस नील. तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.
कॉफील्ड, ९ मार्च १९८१